न ऐकू येणारा डी

'दीज आर द साँग्ज शी यूज्ड टू टीच' हे वाक्य मी बारावीच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी लिपीत लिहिते आणि त्याचा अर्थ विचारते. जवळजवळ सगळे हात एकाच उत्तरासाठी वर येतात: 'ही ती गाणी, जी ती पूर्वी शिकवीत असे.' उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. एखाद्या बाईंनी लहान मुलांना वार आणि महिने शिकवण्यासाठी काही गाण्यांचा उपयोग केला असेल, तर 'शिकवण्यासाठी तिने वापरलेली गाणी' हा अर्थही याच वाक्यातून, एकही अक्षर इकडचे तिकडे न करता, निघतो. कागदावर ही दोन वाक्ये तंतोतंत सारखी दिसतात. तोंडातून बाहेर पडताच मात्र ती वेगळी होतात, कारण पहिल्या अर्थी इंग्रजी माणूस 'यूज्ड' या क्रियापदाचा उच्चार 'यूस्ट' असा करतो आणि दुसऱ्या अर्थी 'यूझ्ड' असा. फळ्यावरच्या त्या चार अक्षरांनी, म्हणजे यू, एस, ई आणि डी यांनी, हा भेद पूर्णपणे गिळून टाकलेला असतो.

मग मी मुलांना दोन बोटे गळ्यावर ठेवायला सांगते. 'झ्झ्झ' म्हटले की बोटांना थरथर जाणवते. 'स्स्स' म्हटले की ती थांबते. जीभ, दात, ओठ सगळे जागच्या जागी असतात, फरक फक्त कंठातल्या कंपनाचा असतो. 'यूझ्ड' म्हणताना ती थरथर शेवटपर्यंत चालू राहते आणि 'यूस्ट' म्हणताना स्वर संपताच विझते. शिवाय त्या अघोष, म्हणजे थरथर नसलेल्या (शाळेच्या व्याकरणात 'कठोर'), व्यंजनांमुळे आधीचा 'यू'सुद्धा किंचित आखूड होतो. एकदा बोटांना हे कळले की मागच्या बाकांवरूनही 'यूस्ट, यूस्ट' अशी कुजबुज सुरू होते, आणि ती थांबवायला मला फळ्यावर डस्टर आपटावे लागते.

पूर्वीची सवय सांगणारा तो शब्दप्रयोग या लेखापुरता मी 'यूस्ड टू' असा लिहिणार आहे. 'स' कानाने सांगितला म्हणून आणि 'ड' डोळ्याने पाहिला म्हणून. हा उच्चार कोणीही करत नाही, पण ज्या शब्दप्रयोगाचे लेखन आणि उच्चारण यांचे कधी पटलेच नाही, त्याच्याविषयी लिहिताना अशी तडजोड करण्यावाचून गत्यंतर नसते.

हा 'झ'चा 'स' झाला कसा, याचे उत्तर मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना नव्याने शिकवावे लागत नाही, कारण ते त्यांनी आठवी-नववीच्या व्याकरणात वेगळ्या नावाने पाठ केलेले असते. 'विपद्' आणि 'काल' यांचा 'विपत्काल' होतो, 'शरद्' आणि 'काल' यांचा 'शरत्काल' होतो, 'क्षुध्' आणि 'पिपासा' यांची 'क्षुत्पिपासा' होते. पुढे कठोर व्यंजन आले की मागचे मृदू व्यंजन आपल्याच वर्गातले कठोर रूप घेते, हा प्रथम-व्यंजन संधीचा नियम. 'यूझ्ड'च्या शेवटी असलेले 'झ' आणि 'ड' दोन्ही मृदू आहेत, पुढे 'टू'मधला कठोर 'ट' उभा आहे. शेजाराच्या या धाकाने 'ड'चा 'ट' झाला, त्याच्या मागोमाग 'झ'चा 'स' झाला, आणि दोन 'ट' एकमेकांत मिसळून गेल्यावर कानाला उरले ते 'यूस्टू', घाईत बोलताना नुसते 'यूस्ट' आणि त्यामागचा एक अस्फुट 'अ'. संस्कृताने आपला संधी प्रामाणिकपणे लिहून ठेवला, म्हणून 'विपत्काल'मधला 'त्' कागदावर दिसतो. इंग्रजीने संधी केला आणि लेखनात त्याची नोंदच ठेवली नाही.

इंग्रजीत ही एकटीच गोष्ट नाही. 'आय हॅव टू गो' हे वाक्य सहज बोलले जाते तेव्हा 'हॅफ्टू' असे ऐकू येते, पण 'आय हॅव टू बुक्स', म्हणजे माझ्याकडे दोन पुस्तके आहेत, असे म्हणायचे असेल तर 'व्ह' जसाच्या तसा राहतो. 'हॅज टू'चे 'हॅस्टू' होते, 'सपोज्ड टू'चे 'सपोस्टू' होते. नियम असा दिसतो की 'टू' जोपर्यंत पुढच्या शब्दाचा असतो तोपर्यंत मागचे व्यंजन आपले मृदुत्व टिकवून धरते. 'टू' मागच्या शब्दाला कायमचा चिकटला आणि दोघांचा मिळून एक अर्थ झाला की संधी होतो. गाणी 'वापरली' त्या वाक्यात 'टू' हा 'टीच'चा आहे. पूर्वी 'शिकवीत असे' त्या वाक्यात तो मागच्या शब्दात विरघळून गेला आहे.

आणि हा संधी आता रोज नव्याने होतो असेही नाही. तो गोठला आहे. याचा पुरावा एका जुन्या नकारार्थी रूपात सापडतो. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश लिखाणात 'यूस्ड नॉट' याचा संक्षेप करून एक शब्द लिहिला जात असे, कधी डी ठेवून, कधी डी गाळून, आणि त्याचा उच्चार 'यूस्न्ट' असा होता. इथे 'स'च्या पुढे 'ट' नाही, 'न' आहे, जो स्वतः मृदू आहे. धाक दाखवणारा शेजारी निघून गेला तरी 'स' कठोरच राहिला. 'डिड यू यूस टू' या प्रश्नातही मूळ धातूचा उच्चार 'यूझ' न होता 'यूस' होतो. म्हणजे 'वापरणे' या अर्थाचा 'यूझ' आणि सवयीच्या अर्थाचा 'यूस' हे आता बोलीत दोन स्वतंत्र धातू आहेत, जे लिहिताना मात्र एकाच स्पेलिंगच्या खोलीत दाटीवाटीने राहतात. त्याच खोलीत एक तिसराही भाडेकरू आहे: 'उपयोग' या अर्थाचे नाम, तेही 'यूस'. आपल्याकडे तिघांनाही सरसकट 'यूज' म्हटले जाते आणि व्यवहारात त्याने काही अडत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा शब्दप्रयोग कानाने मिळतो. दोन-तीन वर्षांचे मूल 'यूस्टू' ऐकते आणि बोलते. त्यात एक डी दडलेला आहे हे त्याला शाळेत गेल्यावर कोणीतरी सांगावे लागते. म्हणून त्यांची चूक लेखनात होते: मोठमोठी शिकलेली माणसे पत्रात, ईमेलमध्ये, दुकानाबाहेरच्या पाटीवर होकारार्थी वाक्यातसुद्धा डी गाळून लिहितात. 'सपोज्ड टू'मधला डी असाच गळतो. त्यांनी जे ऐकले ते लिहिले. आपल्याला हा शब्दप्रयोग डोळ्याने मिळतो. क्रमिक पुस्तकात, 'यूस्ड टू = त असे' अशा तक्त्यात, आणि आमच्या आधीच्या पिढ्यांना तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांत, तो आधी छापील रूपात भेटला आणि उच्चार त्या अक्षरांवरून बेतला गेला. म्हणून मराठी मुलगा हा डी सहसा गाळत नाही, पण तो डी मोठ्याने, ठासून उच्चारतो: 'यूज्-ड टू'. 'वॉक्ट'ला 'वॉक्ड' आणि 'किस्ट'ला 'किस्ड' म्हणण्यामागेही हेच कारण आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले तरी यात मोठा फरक पडला असे मला वाटत नाही, कारण पहिलीच्या वर्गातही इंग्रजी मुख्यतः पुस्तकातूनच येते. चूक कोणाची मोठी, या वादात मी पडत नाही. पण आमच्या मुलांच्या उच्चाराला हसणाऱ्यांनी एकदा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचे स्पेलिंगही पाहावे, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

खरी गंमत नकार आणि प्रश्न यांच्या वेळी होते. नियम सोपा आहे: 'डिड' आला की पुढचे क्रियापद मूळ रूपात जाते. 'डिड गो', 'डिडन्ट ईट'. त्या हिशेबाने 'डिडन्ट'च्या पुढे डी नसलेले 'यूस टू' हवे, आणि बहुतेक व्याकरणाची पुस्तके व परीक्षा घेणाऱ्या संस्था तेच शुद्ध मानतात. पण इंग्रजी लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण इथेही डी लावतात, छापील मजकुरातही लावतात, आणि त्यांची बाजूही अगदीच लंगडी नाही. त्यांना 'यूस्ड टू' हे एक अखंड, न मोडणारे अव्ययासारखे एकक वाटते. त्याला कोणता भूतकाळ आणि कोणते मूळ रूप? कोशकारांनी दोन्ही रूपे प्रचारात असल्याची नोंद केली आहे आणि सावधगिरी म्हणून परीक्षेत डी न लावण्याचा सल्ला दिला आहे.

आता या वादाकडे कानाने पाहावे. 'डिडन्ट यूस टू' आणि 'डिडन्ट यूस्ड टू' ही दोन रूपे बोलून दाखवा म्हटले तर कोणताही इंग्रज ती वेगळी करून दाखवू शकणार नाही, कारण डी असो वा नसो, पुढच्या 'ट'मध्ये तो बुडणारच. ज्या अक्षराचा उच्चार कोणी केला नाही आणि कोणी करणारही नाही, ते लिहावे की लिहू नये यावर एवढी पाने खर्ची पडली आहेत. ज्या कोणी भाषा फक्त बोलली आणि कधी लिहिलीच नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न अस्तित्वातच नाही. व्याकरणाचे म्हणून जे वाद आपण ऐकतो त्यांतले किती खरोखर भाषेचे असतात आणि किती नुसते लेखणीचे, असे मला अनेकदा वाटते. आपल्याकडचे ऱ्हस्व-दीर्घाचे तंटे आठवावेत.

हा डी मुळात आला तो भूतकाळाच्या प्रत्ययातून. फार पूर्वी या प्रत्ययातला 'ए' उच्चारला जात असे, म्हणजे शब्दाचे दोन अवयव (सिलॅबल) होत, 'यूझेड' असे काहीसे. पुढे तो स्वर गळू लागला. 1712 साली लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी इंग्रजी भाषा सुधारण्याविषयीच्या आपल्या निवेदनात या गळतीबद्दल चांगलीच आगपाखड केली होती. स्वर काढून टाकून व्यंजने एकमेकांवर आदळवणे त्यांना रानटीपणाचे वाटे. त्यांचे कोणी ऐकले नाही. स्वर गेला, 'झ' आणि 'ड' शेजारी आले, पुढे 'ट' होताच. तो स्वर गेला नसता तर वरचा संधीही झाला नसता.

अर्थाचा प्रवास त्याहून जुना आहे. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या धातूला इंग्रजीत येतानाच 'वापरणे' याच्याबरोबर 'वहिवाट असणे', 'सवयीने करणे' असाही अर्थ होता, आणि तो केवळ भूतकाळापुरता नव्हता. मिल्टन यांच्या 1638 साली प्रसिद्ध झालेल्या 'लिसिडस' या शोककाव्यात 'ॲज अदर्स यूज' असे शब्द आहेत. अर्थ, 'इतर जण नेहमी करतात तसे'. साधा वर्तमानकाळ. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा कायदा आहे: बैल मारका आहे हे ठाऊक असूनही धन्याने त्याला बांधून ठेवले नाही तर नुकसानीची जबाबदारी धन्याची. एकोणतिसाव्या वचनात बैलाची ही खोड 'वोन्ट टू पुश' या शब्दांत सांगितली आहे, म्हणजे जुन्या जर्मानिक घराण्यातल्या शब्दाने. आणि सातच वचने पुढे, छत्तिसाव्यात, त्याच खोडीसाठी 'हॅथ यूस्ड टू पुश' आले आहे. एकाच पानावर सवय सांगणारे जुने आणि नवे असे दोन शब्दप्रयोग नांदत आहेत. पुढे 'वोन्ट' पुस्तकी झाला. 'यूस्ड टू' जगला, पण लंगडा होऊन: त्याचा वर्तमानकाळ गेला, 'हॅथ' लावून होणारे पूर्ण रूपही गेले, भविष्यकाळ तर आज सुचतही नाही. राहिला तो एकुलता एक भूतकाळ.

अशा एकाच रूपावर जगणाऱ्या क्रियापदाला व्याकरणात बसवायचे कुठे, हा प्रश्न वैयाकरणांना छळत राहिला. हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी या दोन इंग्रज भाषाशिक्षकांनी, जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता, परभाषिक विद्यार्थ्याच्या नजरेतून इंग्रजी क्रियापदांची फेरमांडणी केली. ज्यांना थेट 'नॉट' जोडता येतो आणि प्रश्नात ज्यांना कर्त्याच्या आधी नेता येते, अशा रूपांची त्यांची एक यादी होती. हॉर्नबींच्या पुस्तकांमुळे ती भारतातल्या शिक्षक-प्रशिक्षणातही पोहोचली. त्या यादीत 24 रूपे होती. 'ॲम, इज, आर'पासून सुरुवात होई आणि अगदी तळाशी 'नीड', 'डेअर' यांच्या पंगतीत 'यूस्ड' असे. म्हणजे त्या पिढीच्या दृष्टीने 'यूस्ड ही टू कम हिअर?' असा प्रश्न आणि 'ही यूस्ड नॉट टू कम' असा नकार हीच प्रतिष्ठित रूपे होती, 'डिड'ची मदत घेणे हा किंचित सैलपणा होता. 1985 साली भाषाशास्त्रज्ञ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी लिहिलेल्या इंग्रजीच्या महाव्याकरणात 'यूस्ड टू' हे सीमेवरचे सहायक क्रियापद ठरले. ना धड आत, ना धड बाहेर. आज पारडे उलटले आहे. 'ही यूस्ड टू स्मोक' या वाक्याला शेपूट जोडायचे तर आजचा माणूस 'डिडन्ट ही?' असेच जोडतो; 'यूस्न्ट ही?' म्हणणारा भेटलाच तर तो फार म्हातारा असेल किंवा फार शिष्ट.

सहायक क्रियापद म्हणून त्याचे एक आयुष्य संपत आले असताना काही बोलींत त्याने दुसरेच सुरू केले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलींत 'आय यूस्टू कुड' अशी वाक्ये ऐकू येतात: 'पूर्वी मला जमे, आता जमत नाही.' 'यूस्टू डिडन्ट' असेही रूप आहे. शाळेच्या व्याकरणाला घेरी येईल अशी ही रूपे आहेत, पण त्यांमागे तर्क आहे. बोलणाऱ्यांनी 'यूस्टू'ला क्रियापद मानणेच सोडून दिले आहे. ते त्याचा उपयोग 'पूर्वी' या क्रियाविशेषणासारखा करतात आणि खरे क्रियापद, काळाच्या प्रत्ययासकट, त्याच्या पुढे ठेवतात. डी ऐकू येत नसल्यामुळे हे शक्य झाले. भूतकाळाची खूणच कानाला लागत नाही, तर तो शब्द भूतकाळी क्रियापद आहे हे कोणी लक्षात ठेवायचे?

मराठीत जे घडले ते मला याहूनही विलक्षण वाटते. आपला रीतिभूतकाळ दोन-तीन प्रकारे होतो: 'आजी रोज पोथी वाचीत असे', 'आजी रोज पोथी वाचायची', आणि थोडे जुन्या वळणाचे 'आजी रोज पोथी वाची'. हे तिसरे रूप मुळात भूतकाळाचे नाहीच. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'करी', 'बोले', 'जाणे' ही रूपे सरळ वर्तमानकाळाची आहेत. 'तुका म्हणे' याचा अर्थ तुकाराम पूर्वी म्हणत असत असा नाही; तुका म्हणतो, आत्ता, अभंग संपताना. पुढे 'करतो', 'म्हणतो' या रूपांनी वर्तमानकाळाची गादी घेतली आणि जुनी रूपे मागे सरकून गतकाळाच्या सवयी सांगू लागली. म्हणी मात्र जुन्या जागेवरच थांबल्या. 'दाम करी काम', 'बळी तो कान पिळी', 'थेंबे थेंबे तळे साचे' यांतली क्रियापदे आजही वर्तमानात आहेत, आणि 'आजी पहाटे उठून व्यायाम करी' या वाक्यातले तेच 'करी' भूतकाळात गेले आहे. मराठी वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत या शब्दप्रयोगाचा वर्तमानकाळ मेला आणि भूतकाळ उरला. मराठीत वर्तमानकाळानेच देह न बदलता भूतकाळात मुक्काम हलवला.

या सारखेपणामुळे भाषांतर सोपे व्हायला हवे होते, पण तक्त्यातले 'यूस्ड टू = त असे' हे समीकरण विद्यार्थ्यांना दोन ठिकाणी हमखास गोत्यात आणते. पहिले ठिकाण उलट दिशेच्या भाषांतराचे. 'मी जात असे' यातला 'जात' मुलाच्या डोक्यात 'गोइंग' म्हणून बसलेला असतो, म्हणून 'आय यूस्ड टू गोइंग' असे वाक्य तयार होते. दुसऱ्या काहींना वाक्य भूतकाळी आहे हे इतके पक्के ठाऊक असते की ते 'यूस्ड टू वेंट' लिहून भूतकाळावर दुहेरी शिक्का मारतात. दुसरे ठिकाण स्थितीचे. 'देअर यूस्ड टू बी अ बन्यन ट्री हिअर' याचे मराठी 'इथे वडाचे झाड असे' असे केलेले मी कितीदा तरी वाचले आहे. आपण असे बोलत नाही. आपण 'इथे पूर्वी वड होता' म्हणतो. 'त असे'ला पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया लागते, आणि उभ्या असलेल्या वडाने पुन्हा पुन्हा काही केलेले नसते. इंग्रजी शब्दप्रयोगाला मात्र क्रिया आणि स्थिती दोन्ही चालतात. गंमत अशी की इंग्रजीत 'वुड'ने सांगितलेल्या सवयीला हीच मराठीसारखी अट आहे: 'ही वुड कम एव्हरी संडे' चालते, पण झाडाबद्दल 'देअर वुड बी' म्हटले की पूर्वीच्या झाडाचा अर्थच निसटतो.

याशिवाय 'बी यूस्ड टू' नावाचे जुळे भावंड आहेच: 'आय ॲम यूस्ड टू द हीट', मला उकाड्याची सवय आहे. उच्चार इथेही 'यूस्ट'च. फरक एवढाच की इथला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून त्याच्यापुढे नाम हवे किंवा 'आयएनजी' लावलेले क्रियापद हवे: 'आय ॲम यूस्ड टू गेटिंग अप अर्ली'. मराठी मुलाला हे खरे तर आपोआप साधायला पाहिजे, कारण 'उठण्याची सवय' यातले 'उठणे' हेही धातुसाधित नामच आहे. पण 'टू'च्या पुढे मूळ क्रियापद ही शिकवण त्याच्या अंगात इतकी मुरलेली असते की तो स्वतःच्या भाषेने दिलेला इशाराही झुगारून 'गेट अप' लिहितो. या एका बाबतीत त्याने मराठीतून विचार केला असता तर बरे झाले असते, असे मी वर्गात म्हणते तेव्हा मुले चकित होतात, कारण इंग्रजीच्या तासाला त्यांनी नेहमी याच्या उलट ऐकलेले असते.

या सगळ्यातली एक चूक केवळ गुणांपुरती राहत नाही. आपल्याकडे, आणि भारतात इतरत्रही, 'यूस्ड टू' हे आजच्या सवयीसाठी सर्रास वापरले जाते. नोकरीच्या मुलाखतीत 'फावल्या वेळात काय करता?' असे विचारले की उमेदवार उत्साहाने सांगतो, 'आय यूस्ड टू रीड बुक्स.' त्याला म्हणायचे असते, वाचतो. समोर बसलेल्या परदेशी माणसाला ऐकू येते, वाचत असे, आता सोडले. पुढचा प्रश्न 'मग बंद का केले?' असा आला की दोघेही गोंधळतात. शाळेने 'यूस्ड टू म्हणजे सवय' एवढे शिकवले आणि 'ती सवय मागची' हे सांगायचे राहून गेले, त्याचा हा परिणाम. सतराव्या शतकात डी काढून 'आय यूस टू रीड' म्हटले असते तर ती चूक ठरली नसती, मिल्टन यांनी मान डोलावली असती. पण मुलाखत घेणारे सतराव्या शतकातले नसतात. मी माझ्या मुलांना इथे सरळ साधा वर्तमानकाळ वापरायला सांगते, 'आय रीड', आणि हवे तर पुढे 'युजुअली' घाला म्हणते. तो शब्दही त्याच लॅटिन मुळापासून निघाला आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मी काय करते, असे सहकारी विचारतात. होकारार्थी वाक्यात डी गळाला तर मी गुण कापते. 'यूस्ड टू वेंट'ला आणि 'यूस्ड टू गोइंग'ला माझ्याकडे दया नाही. 'डिडन्ट'च्या पुढे मात्र कोणी डी लावला असेल, तर तो पेन्सिलीने खुणावते आणि गुण पूर्ण देते. आदर्श उत्तरपत्रिकेत त्याविरुद्ध स्पष्ट सूचना आली तर कापावे लागतील, तेव्हा कापीनही.